टीव्हीतला विंचू आणि खळ्यातला

सुजाताचा, माझ्या सुनेचा, हात माझ्या मांडीवर होता आणि तो गार पडला होता. भर दुपार, कार्तिकातलं ऊन, टेम्पोचा पत्रा बसल्या जागी चटके देत होता, आणि या पोरीचा हात रांजणातून काढल्यासारखा गार. घाम असा वाहत होता की ब्लाउज पिळून घ्यावा. ओठ पांढरे. दोनदा ओकली. तिसऱ्यांदा पोटात काही उरलंच नव्हतं, नुसती कळ येऊन वाकली. टेम्पो खड्ड्यांतून उडत होता आणि मी तिच्या तोंडाकडे बघत होते. ती रडत नव्हती. ओरडत नव्हती.

"आई," ती म्हणाली, "खळ्यावर कोंबड्या शिरतील. कोन हाय तिथं?"

"मरू देत कोंबड्या."

"भात खातील."

एवढं बोलून तिने डोळे मिटले. मला वाटलं, संपलं.

तेव्हा कुठे गाणं वाजलं नाही. आभाळ काळं झालं नाही. रस्त्याच्या कडेला एक बाई म्हशीला पाणी दाखवत होती, ती पाणी दाखवतच राहिली.

हे आज आठवायचं कारण असं की, आमच्या साडेसातच्या मालिकेत सध्या विंचू चावला आहे.

मालिकेतल्या थोरल्या सुनेला चावलाय. तिचं खरं नाव लांबलचक आहे, माझ्या तोंडात बसत नाही. आम्ही तिला मोठ्या डोळ्यांची म्हणतो. तिची एक नणंद आहे, ती कपाळावर रोज वेगळी टिकली लावते आणि रोज वेगळं पाप करते. ती टिकलीवाली. तर या टिकलीवालीने चांदीच्या डबीतून विंचू आणला आणि मोठ्या डोळ्यांचीच्या फुलांच्या परडीत सोडला. चांदीच्या डबीत विंचू! त्याला आत बसवताना हिला कसा नाही चावला? आणि विंचू तरी कसला, काळाकुळकुळीत, तळहाताएवढा, जत्रेत मिळतात तसला रबरी. नांगी वर करून थरथरत होता. कोणीतरी खालून दोरा ओढत असणार.

सोमवारी चावला. मोठ्या डोळ्यांचीने किंकाळी फोडली. किंकाळीबरोबर घरातल्या एकेकाचं तोंड दाखवलं. सासऱ्याचं तोंड, सासूचं तोंड, दिराचं तोंड, घरात भांडी घासणाऱ्या बाईचं तोंड, मग पुन्हा सासऱ्याचं. विजा कडाडल्या. घराच्या आत विजा कशा कडाडतात हे मला अजून कळलेलं नाही. मंगळवारी तीच किंकाळी पुन्हा पहिल्यापासून. बुधवारी नवरा धावत आला, जिन्यावरून, आणि जिना काही संपेना. गुरुवारी त्याने तिचं बोट तोंडात घालून विष ओढलं. शुक्रवारी सासू घंटा बडवत बसली आणि मोठ्या डोळ्यांचीच्या पापण्या हलल्या.

आमच्या बौद्धवाडीत देव्हारेच नाहीत, घंटा कुठून आणायची? मग आम्ही मरायचं का?

मी हे सगळं रोज बघते. कोणी म्हणेल, एवढी किळस येते तर बघता कशाला? बघते. चौथीपर्यंत शिकले, वर्तमानपत्राची अक्षरं आता दिसत नाहीत, गुडघे धड नाहीत. संध्याकाळी साडेसात ते नऊ मी खाटेवर बसते आणि मला कोणी हाक मारलेली चालत नाही. इतकी वर्षं बघते म्हणूनच बोलायचा हक्क आहे. जी मालिका बघत नाही तिने नाक मुरडू नये. मी सगळं गिळून मग थुंकते.

काय काय गिळलं म्हणून सांगू. झोपेतसुद्धा गळ्यात हार घालणाऱ्या बाया गिळल्या. एकदा मेलेला आणि नंतर दाढी लावून परत आलेला नवरा गिळला. दहा खोल्यांचं घर, त्यात कामाला जाणारा एक माणूस नाही, आणि जेवायला रोज पंचपक्वान्नं. स्वयंपाकघर असं की ओट्यावर पाण्याचा थेंब नाही. दाराआडून ऐकणारे किती! त्या घरात प्रत्येक दाराआड कोणीतरी उभंच. आमच्या घराला दार एक आणि त्याआड केरसुणी.

मध्ये एकदा मोठ्या डोळ्यांची गावाला गेली होती, शेत दाखवलं. मी सरसावून बसले. म्हटलं, चला, आपलं काहीतरी दाखवतायत. तर ती बाई हिरवंगार भात कापत होती. दाणा भरलेला नाही, पीक कमरेएवढं हिरवं, आणि ही बांगड्या वाजवत विळा चालवतेय! विळा पण असा धरला होता की पहिला आपलाच अंगठा गेला असता. मग ओचा सोडून गाणं म्हणत बांधावरून पळाली. मला भूक राहिली नाही त्या रात्री. तेवढं पीक खरंच कोणाचं तरी होतं असणार. एका गाण्यासाठी कापलं.

माझी धाकटी जाऊ शोभा माझ्याबरोबर बघायला येते. तिच्या घरी टीव्ही आहे, माझ्यापेक्षा मोठा आहे, पण तिला एकटीने रडता येत नाही. बरोबर कोणी लागतं. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसते, पदराचा बोळा हातात तयार ठेवते. परवाच्या शुक्रवारी पापण्या हलल्या तेव्हा हिच्या डोळ्यांतून धारा.

"काय सोसलंन गो तिनं, वहिनी! काय सोसलंन!"

"पैसे मिळतात तिला," मी म्हटलं.

"तुमचं काळीज म्हंजे दगड हाय नुसता. मला चावला होता तवा मी काय भोगलंय ते माझं मला ठाऊक."

आत सुजाता भांडी लावत होती. भांड्यांचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

शोभा म्हणाली ते खरं आहे. तिला चावला होता. त्याच दिवशी, त्याच खळ्यावर.

यंदा पुन्हा तेच दिवस आलेत. भात कापून झालंय, भारे वाहून झालेत, दारापुढे खळं सारवून तयार आहे. शेणाचा ओला वास आणि सुकल्या पेंढ्याचा कोरडा वास एकमेकांत मिसळतात तो वास मला आंधळीला सोडलं तरी ओळखता येईल. या दिवसांत मानेवर, कोपरात, कमरेच्या घडीत भाताची कूस, ती बारीक काटेरी कुसळं, जाऊन बसते आणि आंघोळ केली तरी खाजत राहतं. सकाळी दव, दुपारी उन्हाची धग. दूर कोणाच्या तरी खळ्यावर झोडणी चाललेली असते, फळीवर भारा आपटल्याचा धप् धप् आवाज डोंगरावर जाऊन परत येतो. सुंदर म्हणतात लोक याला. मुंबईचे पाहुणे वीर स्टेशनला उतरतात, रिक्षाने येतात, मोबाईल काढून उडवीपुढे उभे राहून फोटो काढतात. मला उडवी दिसली की पहिला तिचा तळ आठवतो.

उडवी म्हणजे भाऱ्यांचा ढीग. कणसं आत, बुडखे बाहेर, गोल रचत न्यायचे. पाऊस आलाच तर वरचे भारे भिजतात, आतलं भात कोरडं राहतं. झोडणीला वरून एकेक भारा उतरवत जायचं. वरचे भारे कोणीही काढावेत. तळाचे भारे बघून काढावेत. जमिनीची ऊब आणि पेंढ्याचा गारवा, दोन्ही तिथे मिळतं, म्हणून सगळी जिवंत घाण तळाला येऊन राहते. उंदीर, गोम, विंचू. हे सांगावं लागत नाही, आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं.

त्या वर्षी शोभाने आमच्या झोडणीला मदत केली होती आणि आम्ही तिच्या. आमची उडवी तळाला आली होती. माझा मुलगा विलास महाडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेला. खळ्यावर आम्ही बायाच. शोभा एका बाजूने भारे ओढत होती, सुजाता दुसऱ्या बाजूने. शोभा तेव्हाही मालिकेचंच बोलत होती. कुठल्याशा मालिकेत कोणी कोणाला विष घातलं होतं आणि ते दुसऱ्याच कोणी प्यायलं होतं.

बोलता बोलता ती किंचाळली.

"मेले! मेले गो, मेले! वहिनी, चावला मला! मेले!"

हात झटकला, उडी मारली आणि भाऱ्यांवर आडवी पडली. काळा विंचू तिच्या हाताखालून निघून दगडात गेला, मी बघितला. काळा मोठा दिसतो, फार दुखतो, माणसाला नाचवतो. पण काळ्याने माणूस मेलेला मी तरी ऐकला नाही. मी म्हटलं, "काळा हाय, शोभे. गप. दुखेल, मग उतरेल."

ऐकतंय कोण? तिच्या किंकाळ्यांनी सगळी वाडी गोळा झाली. तिचा मुलगा नितीन घरातून धावत आला. बापाच्या मयताला धावला नव्हता तेवढा धावला. त्याची बायको आली, शेजारच्या दोघी आल्या, शाळेपुढची म्हातारी आली. एकीने डोकं मांडीवर घेतलं, एक वारा घालू लागली, एक नुसतीच छाती बडवत होती. मी बघत होते. एकेकाचं तोंड, अगदी टीव्हीत दाखवतात तसं. कोणी तोंडावर हात ठेवून डोळे मोठे केले होते. हे आमच्यात पूर्वी नव्हतं. पूर्वी बाईला विंचू चावला की माणसं कामाला लागायची, तोंडावर हात ठेवून उभी राहत नसत.

नितीनने रिक्षा आणली. वाडीत तेव्हा तेवढीच एक गाडी. शोभाला आत घातलं. तिला निरोपाचं बोलायचं होतं.

"नितीन, माझी बोरमाळ तुझ्या बहिणीला दे. सुनेला नको."

सून तिचा दुसरा हात धरून बसली होती.

"आई, असं नको बोलू," नितीन रडत म्हणाला.

"वहिनी, भांडले असंन तर माफ करा!"

"जा आता," मी म्हटलं. "डॉक्टरला माफ करायला सांग."

रिक्षा भरली. एका विंचवापायी सगळी वाडी महाडला निघाली. धुरळा उडाला आणि खळं शांत झालं. मी पेंढा गोळा करू लागले. सुजाता भारे ओढत राहिली. तिला तसं बोलायला लागतच नाही. पोलादपूरकडच्या डोंगरातली पोर, घरात आली त्या दिवसापासून घुमी. मला तिचा तो घुमेपणा आवडत नसे. माझ्या मनात यायचं, हिच्या पोटात काय चाललंय ते कधी कळायचं नाही. शोभाची सून भांडते तरी.

"मला पन काहीतरी लागलंय," सुजाता म्हणाली. मान वर न करता.

"काय?"

"बोटाला. चटका बसला. मारला मी त्याला, चप्पलीनं."

"काळा?"

"नाय. तांबडा. बारीक होता."

ती भारा बांधायला लागली. मग बांधता बांधता खाली बसली, पाण्याच्या कळशीजवळ. म्हणाली, "आई, जरा पानी द्या."

लग्न होऊन आल्यापासून त्या मुलीने मला पाणी मागितलं नव्हतं. पाणी ती मला आणून देते. मी तिच्याजवळ गेले, कपाळाला हात लावला. हात ओला झाला. बोटं धरली तर गार.

तांबडा बारीक असतो, गरीब दिसतो, आणि तो मारतो. आमच्या तालुक्यात शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. घाम सुटला, हातपाय गार पडले की बसायचं नाही, निघायचं. सगळ्या वाडीला माहीत असलेली गोष्ट, आणि सगळी वाडी ओरडणारीच्या मागे गेली होती. मला त्या धुरळ्याची अशी शिसारी आली! आमच्या कानांना कोणी बिघडवलं? वीस वीस वर्षं रोज संध्याकाळी आम्ही हेच शिकलो की जी जास्त मोठ्याने ओरडते तिलाच जास्त लागलंय. जी गप्प बसते ती एक तर कपटी, नाही तर तिला काही झालेलं नाही.

नितीनला फोन लावायला हवा होता. शेजारच्या घरी एक मुलगी होती, तिने लावला. फोन वाजत राहिला. उचलणार कसा? रिक्षात त्याच्या आईचा आवाज चालू होता.

सुजाता ओकली. मी तिला काखेत धरून रस्त्यापर्यंत आणली. उतारावर तिचे पाय घसरत होते. मी म्हातारी, गुडघे तेव्हाही असेच. वाटेत एकदा दोघी बसलो. ती म्हणाली, "तुम्ही जा, सावलीत बसा." मी तिला शिवी दिली. काय दिली ते सांगत नाही.

रस्त्याला इकबालचा टेम्पो आला. हा तुडीलकडचा. दुबईला गाडी चालवून परत आलेला माणूस, आता विटा, सिमेंट, जे मिळेल ते वाहतो. मी मध्येच उभी राहिले. त्याने करकचून थांबवला.

"काकी, मरायचंय का?"

"ही मरतेय. तांबडा चावलाय."

त्याने सुजाताकडे एकदा बघितलं. विचारलं नाही कोण, कुठली, किती वेळ. मागे अर्धा माल होता, विटांचा. पुढे त्याच्या बाजूला एक मोठी लोखंडी पेटी बांधलेली, माणूस बसायला जागा नव्हती. त्याने मागे चढून विटा एका कडेला लोटल्या, त्यातल्या कितीतरी रस्त्यावर पडून फुटल्या, रिकाम्या गोण्या पसरल्या.

"वर घ्या तिला. काकी, तुम्ही तिचं डोकं धरा. पोलादपूरला की महाडला?"

"जिथं विंचवाचा डॉक्टर असेल तिथं."

"महाड. पकडून बसा."

त्याने हॉर्नवरचा हात उचलला नाही. हायवेला लागल्यावर मोठ्या गाड्यांच्या पोटातून टेम्पो काढत होता. सुजाताने डोळे मिटले होते ते उघडेनात. मी तिला थोबाडीत मारली. पुन्हा मारली. तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटले. सासूने सुनेला मारलेलं मालिकेत असतं तर त्यावर आठवडाभर चाललं असतं.

दवाखान्यात पाऊल ठेवलं तर पहिली दिसली शोभा. खाटेवर बसलेली, हाताला पट्टी, पुढ्यात चहा. सुई टोचून हात बधिर केला होता, त्यामुळे आता बोलायला मोकळी. आजूबाजूच्या बायांना सांगत होती, विंचू केवढा होता. दोन्ही हातांनी दाखवत होती. मला बघितलंन आणि पदर डोळ्यांना लावलान.

"वहिनी! तुम्ही माझ्यासाठी आलात?"

मी तिच्याकडे बघितलं पण नाही. मागे इकबाल सुजाताला दोन्ही हातांवर उचलून आणत होता. शोभाच्या हातातला चहा कलला.

डॉक्टर मालिकेतला नव्हता. चष्मा काढून पुसला नाही, आम्ही आमच्याकडून सगळे प्रयत्न करतो म्हणाला नाही. आमच्या इकडचे डॉक्टर तांबडा विंचू ओळखून असतात. त्याने तिच्या हाताला हात लावला, छाती ऐकली, आणि विचारलं, "घाम कधी सुटला?" सांगितलं. "ओकली?" सांगितलं. मला बाजूला केलं. एक एवढीशी गोळी तिच्या तोंडात घातली, नाकाला नळी लावली, हातात सुई. नर्स म्हणाली, "आजी, बाहेर बसा. लवकर आणलंत." एवढंच. मी बाहेर बसले.

बाहेर बाकावर एक म्हातारा बसला होता. पायात काही नाही, अंगावर खांद्यावर उसवलेला सदरा. वरच्या डोंगरावरच्या वाडीतला. त्यांच्याकडे गाडी जात नाही, झोळी करून माणसांनी रस्त्यापर्यंत आणलं होतं.

"तुमचं कोन हाय आत?" मी विचारलं.

"मंडळी."

"विंचू?"

"हां. सकाळी चावला. ती काय बोलली नाय. भाकऱ्या केल्यान. मला वाटलं, उतरला."

"मग?"

"मग चुलीपाशीच बसली."

विलास निरोप मिळाल्यावर कारखान्यातून तसाच आला, कंपनीचे कपडे अंगावर. टीव्हीतला नवरा असता तर काच फोडली असती, डॉक्टरची गचांडी धरली असती. विलास म्हणाला, "आई, जेवलीस?" मी नाही म्हटलं. तो औषधं आणायला गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात सुजाताची चप्पल होती. टेम्पोत राहिली होती, इकबालने दिली. ती चप्पल हातात घेऊनच तो भिंतीला टेकून उभा राहिला. खाली ठेवायचं त्याला सुचत नव्हतं.

त्या हॉलमध्ये भिंतीवर टीव्ही होता. आदल्या दिवसाचा भाग पुन्हा दाखवत होते. कोणी बाई कोणाच्या तरी फोटोपुढे रडत होती, मागे कोणीतरी रडकं गाणं म्हणत होतं. बसलेले सगळे वर बघत होते.

थोड्या वेळाने नर्स बाहेर आली आणि म्हाताऱ्याजवळ जाऊन हळू काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही. त्याने विचारलेलं मात्र आलं.

"आता नेऊ का तिला?"

तो उठला आणि आत गेला. बसलेल्यांच्या पायांमधून वाट काढत गेला. समोरच्या एका बाईच्या डोळ्यांत पाणी होतं, ती पदराने पुसत होती, टीव्हीकडे बघून. म्हाताऱ्याचा पाय तिच्या पायाला लागला. तिने पाय आत घेतला आणि मान थोडी तिरकी केली, मध्ये तो येत होता म्हणून.

मी आयुष्यात पुष्कळ घाण बघितली आहे. गुरांची, माणसांची, पुराने घरात आणून टाकलेली. पण तेव्हा आली तशी किळस पुन्हा कधी आली नाही. त्या बाईला मी दोष देत नाही. तिचं कोणीतरी आत असेल, तिचा जीव कशाततरी गुंतायला हवा असेल. पण पाणी होतं ना डोळ्यांत! होतं. मग ते तिकडे का गेलं?

मालिका लिहिणाऱ्यांना मला सांगायचंय. तुम्ही खोटं दाखवता त्याचा मला राग नाही. लहानपणी आम्ही गावात खेळे बघितले, त्यात दाढीवाले बाप्ये साडी नेसून राण्या व्हायचे, तेही खोटंच होतं. सगळ्यांना ठाऊक होतं, हसायचो, घरी जायचो. तुमचं खोटं घरात राहायला आलंय. रोज येऊन बसतं आणि आम्हाला शिकवतं, दुःख कसं दिसतं ते. दुःख तसं नसतं. दुःख भाकऱ्या करतं आणि मग चुलीपाशी बसतं. तुमच्या एकाही भागात, इतक्या वर्षांत, एक बाई गप्प मेलेली मी बघितली नाही. गप्प मेलं तर तुमचा भाग कसा भरायचा?

काल पुन्हा साडेसात वाजले. मोठ्या डोळ्यांची शुद्धीवर येऊन बोलायला लागली. विंचू कोणी सोडला ते तिला कळलंय, पण घराची अब्रू म्हणून ती सांगणार नाही. म्हणजे अजून महिनाभराची सोय. शोभा बोळा घेऊन बसली होती.

"मला तर तिचं ओरडनं ऐकून माझं तवाचं सगळं आठवतंय," ती म्हणाली. "मी पन अशीच ओरडले होते. नाय गो सुजाता? तू मात्र हूं की चूं केलं नाय. तुला दुखलं तरी कमी, ते बरं झालं."

सुजाता दारात उभी होती, हात पुसत. ती कधी मालिका बघायला बाहेर येत नाही. मी टीव्हीचा आवाज कमी केला. का केला ते मला माहीत नाही.

"काकी," सुजाता म्हणाली, "ओरडायला श्वास लागतो. माझ्याकडे नव्हता."

आणि आत गेली.

टीव्हीत एकेकाचं तोंड दाखवत होते. शोभाने बोळा मांडीवर ठेवला, मग उचलला, मग पुन्हा ठेवला. म्हणाली, "मला कोनी सांगितलं नाय असं." मी म्हटलं, "विचारलंस कधी?" ती उठली, चप्पल शोधली, मालिका अर्धी टाकून घरी गेली. आजवर कधी गेली नव्हती.

मी आत गेले नाही. सुजाताच्या पाठीवरून हात फिरवला नाही. आमच्यात तशी पद्धत नाही आणि तिलाही ते आवडलं नसतं. दवाखान्यातून आणली तेव्हाही आम्ही काही बोललो नव्हतो. तिने विचारलं होतं, झोडणी संपली का, आणि मी म्हटलं होतं, तुझ्यावाचून कोण करणार. त्यावर ती दोन दिवस पडून राहिली, तिसऱ्या दिवशी सूप घेऊन वारवायला बसली. सावलीत बस म्हटलं, बसली.

मोठ्या डोळ्यांची मरणार नाही, हे मला पहिल्या किंकाळीलाच माहीत होतं. मालिकेच्या सुरुवातीला नावं येतात, त्यात तिचं नाव पहिलं आहे. पहिलं नाव कधी मरत नाही.

त्या दिवशी त्या दवाखान्यात विंचू चावलेल्या तिघी होत्या. आमची शोभा जगली. आमची सुजाता जगली. डोंगरावरच्या वाडीतली ती बाई जगली नाही.